चष्मा काढला की नायिका सुंदर दिसते. पण तिला काही दिसतं का?

गोदाकाठची

'द बिग स्लीप'मधला (१९४६) पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग इथल्या जुन्या सिनेमाच्या वेड्यांना पाठ असणार. बाहेर पाऊस. गुप्तहेर झालेल्या हम्फ्री बोगार्टला समोरच्या दुकानावर पाळत ठेवायची आहे म्हणून तो या दुकानात शिरतो. आत डोरोथी मलोन, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. तो एका जुन्या पुस्तकाची अमुक आवृत्ती आहे का विचारतो, तर ही फटकन सांगते की अशी आवृत्तीच नाही. समोरच्या दुकानाच्या मालकाबद्दल विचारतो, तर वय, बांधा, मिशी, कपडे सगळं सांगून वर 'त्याचा डावा डोळा काचेचा असावा' हेही सांगते. तो म्हणतो, तू पोलिसात शोभशील.

म्हणजे अख्ख्या सिनेमात नजर कुणाची तेज, तर या चष्मेवालीची. आणि मग काय होतं? दाराचा पडदा खाली, चष्मा बाजूला, केस मोकळे. बोगार्ट तिच्याकडे बघून 'हॅलो' म्हणतो. इतका वेळ तो जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत होता!

'नाऊ, व्हॉयेजर'मध्ये (१९४२) तर बेट डेव्हिसचा चष्मा डॉक्टरच मोडून टाकतो. आईच्या धाकात कोमेजलेली मुलगी बरी होतेय, त्या बरं होण्याची खूण म्हणजे चष्मा गेला. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये (१९४६) नायक जन्मलाच नसता तर काय झालं असतं ते दाखवताना डोना रीडच्या नशिबी काय येतं? बिनलग्नाची, ग्रंथालयात काम करणारी आणि चष्मा लावणारी. तिन्ही एका ओळीत. नवरा नसला की नंबर लागतो, असं काही नेत्रविज्ञान असेल तर मला ठाऊक नाही.

माझं म्हणणं असं की चष्म्याने या बायका कुरूप दिसतच नाहीत. मलोन चष्म्यातही देखणी आहे, डोळे असणाऱ्या कुणालाही ते दिसतं. चष्मा ही पटकथेची सोय आहे. एका सेकंदात 'बदल' दाखवता येतो आणि तो बदल हेरल्याचं श्रेय नायकाला मिळतं. माझा नंबर उणे साडेपाच. मी चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे नुसता शर्टाचा रंग उरतो. त्या क्षणी तो माझ्याकडे प्रेमाने बघतोय की घड्याळाकडे, मला कळणार कसं?

याचं उत्तर मला एकाच सिनेमात सापडलं, 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर' (१९५३). पुरुषांना चष्मेवाल्या मुली आवडत नाहीत या समजुतीने मेरिलिन मन्रो चारचौघांत चष्मा काढते आणि भिंतींवर आपटते, पुस्तक उलटं धरते, चुकीच्या विमानात बसते. त्या विमानात शेजारी बसलेला माणूस, तोही चष्मेवालाच, तिला चष्मा लावायला लावतो आणि तू अशी जास्त छान दिसतेस म्हणतो. मला तर ती खरंच जास्त छान दिसली.

हिंदी-मराठी-बंगालीतली उदाहरणं द्या. वाद घालायचा असेल तर जरूर घाला.

झणझणीत

धागा पकडून ठेवला. चिवडा घेऊन बसतो.

निवांत_नाना

ताई, लेखन छान, मत पटलं नाही.

आम्ही विजयानंदला पुढच्या रांगेत बसून सिनेमे पाहिले. कृष्णधवल काळात पडद्यावर रंग नव्हता. चेहरा होता आणि चेहऱ्यात डोळे. मीनाकुमारीचा क्लोजअप आठवा. नुसती पापणी हलली तरी मागच्या बाकावरच्याला कळायचं. त्या डोळ्यांवर काळी जाड फ्रेम ठेवली तर चेहऱ्याच्या मधोमध आडवी रेघ येते आणि नजर जाते फ्रेमवर. यात बायकांवर अन्याय वगैरे शोधू नये. दिग्दर्शकाला डोळे हवे होते, बस.

आणि चष्म्याच्या बायका तेव्हाही होत्या हो पडद्यावर. मुख्याध्यापिका, वसतिगृहाच्या रेक्टरबाई, नायिकेची खाष्ट आत्या. त्या भूमिकांना तो शोभायचा.

गोदाकाठची

नाना, तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूने साक्ष देतोय :)

पडदा_आणि_प्रकाश

मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे हा माझ्या पोटापाण्याचा विषय. नानांच्या म्हणण्यात तांत्रिक तथ्य आहे, पण ते फ्रेमपेक्षा काचेत आहे.

साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत येतो. पुढची बाजू आणि मागची बाजू मिळून ८ टक्के. घरात बसून हे जाणवतही नाही. स्टुडिओत मोठमोठे दिवे समोरून मारले की त्या ८ टक्क्यांचा पांढरा चट्टा बुबुळावर बसतो. क्लोजअपमध्ये डोळ्यांत जो एक ठिपका चमकतो, त्यावरच तर डोळे 'जिवंत' वाटतात. हॉलिवूडमध्ये त्या उजेडाचे लाड किती, तर मर्ल ओबेरॉनसाठी (जन्म मुंबईचा बरं का) छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ लावायचा खास दिवा बनवला. अपघातानंतरचे तिच्या चेहऱ्यावरचे व्रण त्यात लपायचे. त्या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. आता असा समोरून मारलेला दिवा आणि चष्मा यांचं जमणं कठीण.

झगमग कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये घेतलं. तो आधी कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांवर चढला, तुमच्या-आमच्या चष्म्यावर यायला पुष्कळ वर्षं गेली.

पण नाना, इथेच तुमचा मुद्दा लंगडा पडतो. हॅरॉल्ड लॉइड १९१७ पासून चष्मा लावून विनोदी सिनेमे करत होता आणि त्याच्या गोल फ्रेममध्ये काचाच नव्हत्या! काच नाही तर चट्टा नाही. शिवाय काड्या कानावर जरा उचलून ठेवल्या की काच खाली झुकते आणि उजेड जमिनीकडे जातो. आम्ही आजही तेच करतो. म्हणजे उपाय मूकपटांच्या काळापासून हाताशी होता. नायकासाठी वापरला, नायिकेसाठी वापरावासा वाटला नाही.

काडीमोड

एमजी रोडला आमचं चष्म्याचं दुकान आहे. (नाव टाकत नाही, जाहिरात नको.) प्रकाशदादांनी झगमगीचं सांगितलं, मी नंबरचं सांगतो.

उणे नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, अधिक नंबरच्या काचेतून मोठे. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते, ती जितकी लांब तितका हा फरक वाढतो. म्हणून नाकावर घसरलेल्या चष्म्यात उणे सातवाल्याचे डोळे आणखी बारीक होतात. 'सोडा बॉटल' म्हणून चिडवतात ते यामुळेच.

सिनेमातला खोटा चष्मा ओळखायची युक्ती देतो. माणसाने जरा बाजूला मान वळवली की काचेच्या कडेतून गालाची रेघ बघा. खरा मोठा उणे नंबर असेल तर ती रेघ काचेत आत सरकलेली दिसते, काचेबाहेर पुन्हा मोठी होते. रेघ सरळ असेल तर काच साधी. बहुतेक नायिकांची रेघ सरळच असते. थोडक्यात, पडद्यावर जिला 'चष्म्यामुळे बिघडलेली' म्हणून दाखवतात तिचे डोळे चष्म्याने कणभरही बदललेले नसतात. बिघडवण्याचं काम बांधलेले केस आणि मळखाऊ कपडे करतात, आळ येतो आमच्या धंद्यावर.

रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), लग्नाच्या बायोडाटात अजूनही 'चष्मा : आहे / नाही' असा रकाना असतो. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी आया मुलीला घेऊन येतात आणि 'रिमलेस दाखवा, लावलाय असं वाटायला नको' म्हणतात. मुलांसाठी असं कुणी मागत नाही असं नाही, पण फार कमी.

इंदिरानगरी

एवढं लिहिलं आणि 'नायक' (१९६६) कुणीच आणला नाही? सत्यजित राय यांचा. शर्मिला टागोर यात अदिती, महिलांचं मासिक चालवणारी. काळ्या फ्रेमचा चष्मा. समोर उत्तम कुमार, सिनेमाचा देव, त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात दोघं समोरासमोर. तो लपतोय, ती बघतेय. चष्मा मधे काढतेही, पण तेव्हा 'हॅलो' वगैरे काही होत नाही. त्याच्या आयुष्याची सगळी टिपणं तिच्या हातात येतात आणि ती शेवटी फाडून टाकते. त्याला जे मोठेपण उरतं ते तिने दिलेलं.

दोन वर्षं आधीचा 'चारुलता' (१९६४) घ्या. तिथे चष्मा नाही, हातात धरायची छोटी दुर्बीण आहे. माधवी मुखर्जी खिडकीच्या झडपांतून रस्त्यावरची माणसं बघते, पुढे नवऱ्याच्या चुलत भावाकडे, अमलकडेही त्यातूनच बघते. मला विचाराल तर बाई भिंगातून बघत असताना इतकी सुंदर क्वचितच कुणी टिपली असेल. आणि ती सुंदर दिसते ती कुतूहलाने.

हिंदीत 'चुपके चुपके' (१९७५). जया भादुरी चांगला मोठा चष्मा लावून वावरते, अमिताभ तिच्या प्रेमात पडतो आणि त्यासाठी कुणालाही तो चष्मा मोडावा लागत नाही. हृषीदांच्या (दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी) सिनेमातल्या घरांमध्ये माणसं चष्मा लावतात, कारण माणसं चष्मा लावतात.

झणझणीत

'माणसं चष्मा लावतात, कारण माणसं चष्मा लावतात' +१. आमच्या घरात मांजर सोडून सगळे लावतात.

तर्कटभाऊ

मतं झाली, आता जरा अभ्यासाकडे.

१९४४ मध्ये थॉर्नटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की अनोळखी माणूस क्षणभर दिसला तर चष्मा लावलेला जास्त हुशार आणि कष्टाळू वाटतो. १९७१ मध्ये आर्गाइल आणि मॅकहेन्री यांनी तेच पुन्हा तपासलं. पण त्या माणसाला पाच मिनिटं बोलताना पाहिलं की चष्म्याचा हा परिणाम उरत नाही. पुढे २०११ मध्ये व्हिएन्नातल्या हेल्मुट लेडर आणि मंडळींनी फ्रेमनुसार फरक पाहिला. पूर्ण फ्रेमच्या चष्म्यात चेहरा जास्त ठळक, लक्षात राहणारा, पण थोडा कमी आकर्षक वाटला. रिमलेस चष्म्यात आकर्षण घटलं नाही आणि विश्वासार्हता वाढली.

म्हणजे काडीमोड यांच्याकडे रिमलेस मागणाऱ्या आया शास्त्राला धरून आहेत (हसू नका), आणि नानांची आडवी रेघही अगदीच हवेतली नाही. पण ती पाच मिनिटं बघा. सिनेमाकडे प्रेक्षकाची निदान दोन तास असतात. नायिकेला बोलू दिलं तर पहिल्या रिळातच चष्मा दिसेनासा होईल. राय यांनी अदितीला बोलू दिलं. 'द बिग स्लीप'चा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यानेही मलोनला बोलू दिलं होतं, आणि छान बोलू दिलं, म्हणून तर त्याला तो काढायचा प्रसंग मुद्दाम रचावा लागला.

निवांत_नाना

तर्कटभाऊ, माझी रेघ वाचवल्याबद्दल आभारी आहे.

'नायक'चं मान्य. पण शर्मिला टागोर गोणपाट नेसून आली असती तरी सुंदरच दिसली असती, तो चष्म्याचा मोठेपणा नव्हे. आणि पुढच्याच वर्षी तिचा 'अॅन इव्हिनिंग इन पॅरिस' आला. त्यात काळी फ्रेम नव्हती. तिकिटासाठी धक्के कशाला खाल्ले ते मी इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

येवलेकरीण

डोळा आणि सौंदर्य यावर बोलायचं तर आमच्या येवल्याच्या ललिता पवार यांना विसरून कसं चालेल? जन्म १९१६, येवला, जिल्हा नाशिक. मूकपटांपासून नायिका. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांना त्यांच्या मुस्कटात मारायची होती, ती जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांग झालं, डाव्या डोळ्याची शीर फुटली, दोन-तीन वर्षं उपचार चालले आणि डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या.

नंतर तोच बारीक डोळा खाष्ट सासूचं भांडवल झाला. पण 'अनाडी'त (१९५९) त्याच डोळ्यांनी मिसेस डिसाची माया दाखवली आणि सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर घेतलं. नाना म्हणतात दिग्दर्शकाला डोळे हवे होते. हवे होते ना, पण ठरावीक मापाचे. माप चुकलं की बाई त्याच दिवशी आई किंवा सासू.

चर्चा चष्म्याची आहे, मी जरा दूर गेले. पण मला हे एकाच रांगेतलं वाटतं.

गोदाकाठची

येवलेकरीणताई, अजिबात दूर नाही. हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं असं वाटायला लावलंत.

पुरुषांच्या बाजूनेही एक नोंद. 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये (१९३८) कॅरी ग्रँट चष्मिष्ट जीवाश्मशास्त्रज्ञ आहे आणि कॅथरिन हेपबर्न त्याला सांगते की चष्म्याशिवाय तू किती देखणा दिसतोस. म्हणजे हा डाव उलटाही खेळला गेलाय. फरक इतकाच की चष्म्यातही तो नायकच असतो. अख्खा सिनेमा त्याचाच, कुणी त्याला ग्रंथालयात बिनलग्नाचा ठेवत नाही. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधल्या (१९६२) ग्रेगरी पेकचा चष्मा तर त्याची अब्रू वाढवतो.

हिचकॉकवर स्वतंत्र धागा निघेल. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मध्ये (१९५१) खून होतो तो आपल्याला मरणाऱ्या बाईच्या पडलेल्या चष्म्याच्या काचेत दिसतो. 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) चष्मेवाली मिज नायकावर मनापासून प्रेम करते. जुन्या चित्रातल्या सुंदरीच्या जागी स्वतःचा चेहरा रंगवते, आणि चष्म्यासकट रंगवते! त्याला ते सहन होत नाही, उठून जातो. मिजची माझ्याइतकी कीव कुणाला आली नसेल, आणि रागही. अगं, त्या माणसाला उंची सोसत नाही, तुझा चष्मा काय सोसणार?

झणझणीत

एक बाळबोध प्रश्न. गॉगल लावला की त्याच बाया फॅशनेबल कशा होतात? 'हरे रामा हरे कृष्णा'त (१९७१) झीनत अमानचा केवढा मोठा गोल चष्मा, अर्धा चेहरा त्यात. 'ब्रेकफास्ट अॅट टिफनीज'मध्ये (१९६१) ऑड्री हेपबर्न काळ्या गॉगलमध्ये पेस्ट्री खात उभी, त्याची पोस्टरं अजून कॉलेज रोडच्या कॅफेत लावतात. तिथे डोळे मुळीच दिसत नाहीत. मग नानांच्या डोळ्यांचं काय झालं?

इंदिरानगरी

झणझणीत, बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. गॉगल लावणारीला गॉगलची गरज नसते, हौस असते. नंबरचा चष्मा म्हणजे शरीरात काहीतरी कमी आहे याची कबुली, आणि नायिकेच्या शरीरात काही कमी असणं सिनेमाला चालत नव्हतं. फ्रेम तीच, रेघ तीच, झाकतात तेवढंच किंवा गॉगल जास्तच झाकतो.

निवांत_नाना

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चहा घेऊन येतो.

पाथर्डीफाटा

नाशिककर एवढे जमलेत आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव नाही? मी रोज पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकावरून जातो, म्हणून लिहिणं भाग आहे.

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि झपाटला. मग दिवसरात्र सिनेमे बघणं, मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून पडद्यावर चित्रं पाडण्याचे प्रयोग, झोप जेमतेम. परिणाम असा की दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आली, तेव्हा पुढचं काम सुरू झालं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या सिनेमाचा उगमच चष्म्याच्या मागून झाला आहे, नायिकांनी तो का काढावा?

आणि त्या सिनेमातली तारामती कोण, तर अण्णा साळुंके. पुरुष! १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. पडद्यावरचं बाईचं सौंदर्य पहिल्या दिवसापासून कपडे, केस आणि प्रेक्षकाची तयारी यांवर उभं आहे. अण्णांना सीता मानणाऱ्या प्रेक्षकांना चष्म्यातली सीता जड गेली नसती.

तर्कटभाऊ

त्रेतायुगात चष्मा कुठून आणणार, हा आक्षेप नोंदवून ठेवतो. बाकी पोस्ट कडक.

मनमाड_पॅसेंजर

फक्त वाचत होते, आता विचारतेच. मावसबहिणीचं लग्न आहे, गंगापूर रोडच्या लॉन्सवर. तिचा नंबर उणे सहा. ठरवलेला फोटोग्राफर म्हणतो चष्मा काढूनच फोटो, सासरचेही तेच म्हणतात. तिला लेन्स सोसत नाहीत. चष्मा काढला तर अंतरपाट दूर झाल्यावर समोर नवराच आहे ना, एवढंही तिला खात्रीने सांगता यायचं नाही. काय करावं?

पडदा_आणि_प्रकाश

चष्म्यातच काढू द्या. त्या फोटोग्राफरला सांगा, दिवा बाजूला आणि जरा उंच ठेव, हनुवटी किंचित खाली घ्यायला लाव, काड्या मागून केसांत थोड्या उचल. बाहेर लॉन्सवर संध्याकाळचा उजेड असेल तर तेवढंही लागणार नाही. 'काचेत दिवा दिसतो' हे कारण देणाऱ्याला दिवा हलवायचा कंटाळा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काडीमोड

दोन गोष्टी. होमाच्या धुराजवळ लेन्स असलेल्यांच्या डोळ्यांना चांगलाच त्रास होतो, तेव्हा हौस म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा लेन्स घालू नका. दुसरं, नवी फ्रेम लहान घ्या, डोळे काचेच्या मध्यावर येतील अशी. काच पातळ, जास्त इंडेक्सची (म्हणजे उजेड जास्त वाकवणारी) आणि अँटी-रिफ्लेक्शन लेप असलेली. उणे सहाला लहान फ्रेममध्ये कड जाड दिसत नाही. नाकाच्या पॅडचं फिटिंग मुंडावळ्या बांधून तपासा, कारण मुंडावळ्यांची दोरी काडीवर येते आणि चष्मा वाकडा होतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

मनमाड_पॅसेंजर

मुंडावळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. तिला हा धागा पाठवते, सासूबाईंनाही.

निवांत_नाना

सासूबाईंना पाठवताना माझे पहिले दोन प्रतिसाद वगळता आले तर बघा. त्या काळात मी चहा प्यायलो नव्हतो.